अकरा बाजा

दवाखान्याची फरशी पुसायची म्हणजे झुंबरबाईला आधी माणसं हलवावी लागत. "मावशे, पाय जवळ घे. ए सुंदराबाई, गोधडी उचल तुझी, पाणी चाललं बघ खालून." असं बोलत बोलत ती फिनेलात बुडवलेलं पोतेरं फिरवी. भादव्याचा पाऊस लागला होता. फरशीच्या सांध्यांतून ओल वर यायची, आणि त्या ओलीवर पाच बाया गोधड्या टाकून पडल्या होत्या. त्यांच्या डोक्याशी, भिंतीला लागून, ओळीनं अकरा बाजा मांडलेल्या. बाभळीचे पाय, अंबाडीची नवी दोरी, टिचकी मारली तर वाजेल अशी ताणलेली. अकरांतल्या दहा रिकाम्या.

अकराव्या बाजेवर शहागडची रहिमाबी होती. मांडीचं हाड मोडून आलेली, पायाला फळी बांधलेली.

"काय झुंबरबाई, आज तरी कोनी येतं का माझ्या शेजारी? सारी खोली खाली पडून हाय, न मी एकलीच लाटसाबावानी."

खालून सुंदराबाई म्हणाली, "म्हातारा उठवत न्हाई का वं तुला?"

"कोन म्हातारा?"

"ज्याच्या नावाची बाज हाये त्यो. रामराव."

"अजून तं काय बोल्या नई बाबा. आला तं म्हनेन, आलास तं बस, जरा पाय दाब माझा."

बाया हसल्या. झुंबरबाई हसली नाही. तिनं पोतेरं बादलीत पिळलं आणि पुन्हा खाली वाकली. त्या बाजा तिच्या शब्दावर आल्या होत्या.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, तेराशे सेहेचाळीस फसलीची, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीसची. आष्टीपासून दोन कोसांवर बोरखेडीला हा खैराती दवाखाना निघून चार वर्षं झाली होती. जालन्याच्या कापसाच्या आडतीवाल्यांनी दगडी इमारत बांधून दिली. औषधांची पेटी तीन-तीन महिन्यांनी हैदराबादेहून यायची. बाकी सगळं भोवतालच्या गावांवर होतं. कुणी ज्वारी घाली, कुणी सरपणाची गाडी आणून रिकामी करी, कुणी पट्ट्यांसाठी जुनी धोतरं धुऊन पाठवी. द्यायला नाही म्हणणारं घर त्या टापूत नव्हतं. फक्त बाज कुणी दिली नव्हती.

डॉक्टर बदरोद्दीन हैदराबादेला शिकलेला, तिशीतला, काडीसारखा माणूस. मराठी त्याची उर्दूला टेकून चालायची. चैत्रात तो झुंबरबाईला म्हणाला होता, "बाई, बीमार माणूस जमिनीवर असला की मला बराबर तपासता येत नाही. ओल चढते, मुंग्या चढतात. दहा खाटा कुठूनही पैदा करा."

झुंबरबाई दवाखान्यात यायच्या आधी बारा वर्षं गावोगाव बाळंतपणं करत हिंडली होती. कुठल्या घरात काय देतात, केव्हा देतात, तिला सगळं पाठ होतं. ती म्हणाली, "साब, आमच्यात मानूस गेल्यावर तेराव्याला बाज दान देतात. भटजीच्या परसात बाजांची चळत लागली. त्यातली एक दवाखान्याला द्या म्हनलं, तं कोन न्हाई म्हनल?"

"अरे, ही तर फारच चांगली बात आहे."

त्याला त्यात खोट दिसली नाही. खरं तर तिलाही दिसली नाही. देणाऱ्याच्या बाजूनं तिनं सगळा विचार केला होता. त्या बाजेवर निजणाऱ्याच्या बाजूनं केलाच नाही.

उन्हाळ्यात गावोगाव म्हातारी माणसं गेली तशा बाजा आल्या. पहिली बोरखेडीतल्या कारभारी नावाच्या शेतकऱ्यानं आणली, बापाच्या नावाची. पुढच्या पाटीवर शेंदरी रंगानं 'कैलासवासी रामराव' असं लिहिलेलं, आणि गाडीपुढं वाजंत्री. काकासाहेब पाटलांनी आईच्या नावानं बाज दिली, तिच्याबरोबर गादी, वहाणा आणि छत्रीही दिली. छत्री डॉक्टर वापरू लागला. आषाढापर्यंत अकरा झाल्या. झुंबरबाई रोज त्यांवरची धूळ पुसायची आणि मोजायची.

मग पाठीवरचं गळू फोडलेली एक बाई आली. बाजेवर टेकली, मान वळवून पाटीवरची अक्षरं पाहिली, नवऱ्याला विचारलं काय लिवलंय, आणि विंचू चावल्यासारखी खाली उतरली. "मी मेले न्हाई अजून," म्हणाली. ती जी फरशीवर निजली, ती बरी होऊन जाईपर्यंत वर चढली नाही. तिच्यामागून येणाऱ्यांनीही तेच केलं. बाज मेलेल्याला दिली, तिकडच्या वाटंवर तो तिच्यावर निजतो, मग आपण कुठं निजायचं? त्याच्या कुशीत? रहिमाबीसारख्यांना त्याचं काही नव्हतं. बाकी कुणी ऐकेना. झुंबरबाई स्वतः आडवी होऊन दाखवायची, तर बाया म्हणत, "तुझं काय व्हायचं राह्यलंय बाई, तू तं रांडमुंड." तिनं काचेच्या तुकड्यानं पाट्यांवरची नावं खरवडून काढली. ती बघून सुंदराबाई म्हणाली, "नाव गेलं. बाज तीच ना?"

श्रावणात फरशीवरच्या तीन बाळंतिणींना एकीमागून एक ताप भरला. दोघी गेल्या. डॉक्टर दोन दिवस आपली पुस्तकं उघडून बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं झुंबरबाईला बोलावलं.

"एकीचं विष दुसरीला जातं. ओलीतून जातं, पाणी सांडलं की जातं. पोतेऱ्यातून पण जातं."

"माझ्या पोतेऱ्यातून?"

"फिनेल घातलं तरी सांगता येत नाही." तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "आजपासून बाळंतीण जमिनीवर राहणार नाही. खाटेवर, नाही तर घरी. बिलकुल."

त्याला वाटलं होतं, असं म्हटल्यावर लोक बाजेवर चढतील.

भादव्यातल्या त्या सकाळी फरशी पुसून झाली, आणि दुपारी खडकी गावाहून एक गाडी दारात येऊन उभी राहिली. गाडीत झुंबरबाईची एकुलती लेक सोनूबाई होती. बरोबर तिची सासू गोजरबाई, आणि बैलांच्या कासऱ्याला धरून नवरा रखमाजी. चिखल बैलांच्या पोटापर्यंत उडालेला.

गोजरबाई उतरता उतरताच म्हणाली, "इहीनबाई, तुमची लेक आनली. पाचवा दिस हाये. अंगावर लाह्या फुटू राह्यल्यात."

"लेकरू?"

"पोरगी झाली. चांगली हाये. नंदेपाशी ठिवली, शेळीचं दूध पाजू राह्यलो."

झुंबरबाईनं लेकीच्या कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. सोनूबाईचे ओठ सुकून पांढरे पडले होते. ती म्हणाली, "आई, लई थंडी वाजू राह्यली."

डॉक्टरनं टेबलावर घेऊन तपासलं. वारेचा तुकडा आत राहिला होता, तो काढला. ताप एकशे चार. हात धुता धुता त्यानं सांगितलं, "आठ दिवस इथं राहावं लागेल. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा लावा, म्हणजे आतली घाण खाली उतरेल, पोटात वर चढणार नाही. मी रोज दोनदा धुवून काढीन. होईल बरी. उमेद आहे."

उमेद आहे हे त्याचे शब्द झुंबरबाईनं पदरात बांधल्यासारखे धरले. विटा आणायला ती पळाली. परत येते तो गोजरबाई बाजांच्या ओळीपुढं कमरेवर हात ठेवून उभी.

"ह्याच्यावर?" तिनं विचारलं.

"नाव खरवडलंय, इहीनबाई."

"खरवडलं म्हून काय झालं? ती तिकडची कारभारीच्या बापाची. ही पाटलाच्या आईची, तिच्या तेराव्याला मी जेवून आल्ते. मला काय सांगता? पाच दिसांची बाळतीण ही, आन तिला मेल्या मानसाच्या बाजंवर घालू?"

"फरशीवर ठिवू देत न्हाईत. दोघी गेल्या इथं श्रावनात."

"मंग बराबर हाये. ह्या बाजा घरात घेतल्या म्हूनच गेल्या."

डॉक्टर पुढं झाला. "गोजरबाई, माझ्या खोलीत माझा पलंग आहे. नवारीचा. मी आणतो. मी जिंदा आहे, बघा."

एखाद्या वेळी गोजरबाई हसली असती. ती म्हणाली, "डागदरसाब, तुमी भले मानूस. पर परक्या पुरुषाच्या पलंगावर आमची सून निजली, तं मी गावात तोंड कसं दाखवू?"

"रखमाजी, तुमी तरी बोला," झुंबरबाई जावयाकडं वळली.

रखमाजीनं आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. "मी काय बोलू, मामी?" एवढंच तो म्हणाला.

टेबलावरून सोनूबाईनं हात लांब केला. "आई, मला नको त्याच्यावर. मला वढून नेतेल. घरी ने म्हनावं."

तिथं झुंबरबाईचं बळ गेलं. सासू अडून बसली असती तर तिनं भांडण केलं असतं. पण लेकच भीत होती, आणि ही भीती तिच्याच पोटातली होती. तिनंच ती लहानपणी लेकीला सांगून सांगून दिली असणार. डॉक्टरला ती म्हणाली, "साब, घडीभर थांबवा त्यांना. मी गावातून वापरातली बाज आनते मागून. जित्या मानसाची."

तिची स्वतःची असती तर प्रश्न नव्हता. पण नवरा गेल्यापासून ती जमिनीवर निजत होती.

बोरखेडीत ती आधी पाटलांच्या घरी गेली. काकासाहेबांची सून पुष्पाबाई ओसरीवर डाळ पाखडत होती. झुंबरबाई दारातूनच बोलली. पुष्पाबाईनं सूप खाली ठेवलं.

"बाज तं दिली ना आमी दवाखान्याला? सासूबाईच्या नावाची. गादीसुदीक."

"ती न्हाई वहिनीसाब. घरातली पायजे. आठ दिस. माझी लेक हाये."

"घरातली?" पुष्पाबाईचा चेहरा उतरला. "आमच्या बाजंवर दुखनाईत मानूस निजायचं, आन तीच पुन्ना आमी घरात घ्यायची? आन काही कमीजादा झालं तं? न्हाई झुंबरबाई, रागावू नका. ज्वारी न्या लागंल तेवढी. नवं लुगडं देते तिला. बाज मागू नका."

कारभारीच्या घरी तो स्वतःच होता. त्यानं ऐकून घेतलं, बसायला पाट दिला. "जिवंतपनी घरातली बाज भायेर काढायची म्हंजी काय ते तुमाला काय सांगावं? तुमीच बाळतपनं केली आमच्या घरची. बाज घरातून केव्हा निघती?" त्याचे डोळे खरंच भरून आले होते. "आन म्या तं बापाची दिली व्हती ना? तुमीच म्हनले व्हते, पुन्य लागंल."

तिनं आणखी दोन दारं पाहिली. कुणी दूध देऊ केलं, एकीनं कोंबडी धरून हातात दिली. चौथ्या दारातून ती कोंबडी खाली सोडून परत फिरली. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. काळ्या मातीत पाय रुतत होता. एक काढावा तर दुसरा गुडघ्यापर्यंत आत.

दवाखान्याच्या दारात गाडी नव्हती.

रहिमाबी बाजेवर उठून बसायला बघत होती. "गेले गं. डॉक्टर फाटकापर्यंत भिजत गेला मागं, दवाची शिशी घेऊन. लई समजावलं त्यानं. थांबले नई."

झुंबरबाई तशीच पळत निघाली. ओढ्याच्या अलीकडं गाडी सापडली. एक चाक आसापर्यंत रुतलं होतं, रखमाजी खांदा लावून ढकलत होता. गोजरबाई सुनेच्या डोक्यावर पोतं धरून वाकली होती, तिच्या स्वतःच्या पाठीवरून पाण्याची धार चालली होती.

"मिळाली का बाज?" गोजरबाईनं विचारलं.

"न्हाई."

"मंग बसा वर. घरी तिची सोताची बाज हाये."

झुंबरबाईनं आधी चाकाला हात लावला, मग वर बसली. लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी दणक्यात हलली की सोनूबाई दातांतून हवा ओढायची. खडकीला पोचल्यावर तिला तिच्या बाजेवर निजवलं. झुंबरबाईनं डोक्याकडं विटा लावल्या, शिशीतलं औषध वेळेवर दिलं, पाणी उकळून घेतलं. आत धुवून काढणं तिला येत नव्हतं. त्याची नळी, त्याचं औषध दवाखान्यात होतं. बाज खडकीला होती आणि डॉक्टर बोरखेडीला. दुसऱ्या दिवशी पोट ताणून नगाऱ्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी, शेळीची धार काढायच्या वेळी, सोनूबाई गेली.

पाचव्या दिवशी झुंबरबाई कामावर आली. डॉक्टर दारातच उभा राहिला. तिनंच विचारलं.

"साब, खरं सांगा. इथं बाजंवर राह्यली असती तं वाचली असती का?"

त्याला खोटं बोलता आलं असतं, दोन्ही बाजूंनी. "ठाऊक नाही, बाई. दहांतल्या पाच वाचतात. ती त्या पाचांत होती का, ते मला सांगता येत नाही."

तिनं मान हलवली आणि बादली भरायला गेली. त्यापुढं ती पोतेरं प्रत्येकीसाठी वेगळं घेऊ लागली आणि उकळू लागली.

ती आता कुणाला बाज मागत नव्हती, पण देणारे थांबले नव्हते. दोन आणखी आल्या. नाही म्हणायचं कसं? माणसं डोळ्यांत पाणी आणून देत होती. बाजा तेरा झाल्या. रहिमाबी बरी होऊन काठी टेकत घरी गेल्यावर तेराही रिकाम्या.

सोनूबाईच्या तेराव्याचा दिवस उलटला आणि दुसऱ्या सकाळी खडकीची गाडी आली. लांबूनच झुंबरबाईला गाडीतून वर आलेले बाजेचे चार पाय दिसले. ती दारात आडवी उभी राहिली.

"इहीनबाई, एवढी एक माघारी न्या. दुसऱ्या कुनाची बी उतरून घेते. माझ्या लेकीच्या नावाची मी घेनार न्हाई."

गोजरबाई गाडीतून उतरली. चौदा दिवसांत ती वाळली होती. "बघा तं आदी," म्हणाली. "रखमाजी, उतर रं."

रखमाजीनं बाज खाली घेतली. ती नवी नव्हती. पाय हात लागून लागून काळे पडलेले, गुळगुळीत. दोरी तीन ठिकाणी जोडलेली, एका बाजूला अंबाडीची, एका बाजूला चिंध्या वळलेल्या. मधोमध खोलगा पडलेला, एका माणसाच्या अंगाएवढा.

"माझी हाये," गोजरबाई म्हणाली. "लगीन होऊन आले तव्हापून हिच्यावर निजते. हा रखम्या हिच्यावरच झाला."

"आन तुमी?"

"मी पोरीला घेऊन भुईवर निजते. कुशीतून पडायचं भ्याव न्हाई."

"गावात लोक काय म्हनले?"

"म्हनले ना. म्हातारीनं जितेपनी बाज भायेर काढली, आता ही बी चालली, म्हनले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मंग जाईन जायची तव्हा. पर कुनी इचारलं तं सांगा, निजनारी जिती हाये. खडकीला हाये, येऊन बघा म्हनावं."

"सोनूच्या नावानं देता का?"

"कुनाच्याच नावानं न्हाई. काही लिवू नका तिच्यावर."

दोघी विहिणींनी ती बाज धरून आत नेली. डॉक्टर आला, त्यानं खोलग्यावर हात दाबून पाहिला. "दोरी ढिली आहे. कसून घ्या, बाई, पाठ दुखेल पेशंटची."

"असू द्या, साब," झुंबरबाई म्हणाली. "असाच असू द्या तो खड्डा."

चार दिवसांनी आष्टीकडून एक बाळंतीण आली, तापलेली. तिच्या सासूनं तेरा बाजांवरून नजर फिरवली, पदर तोंडाला लावला आणि चौदाव्या बाजेपाशी थांबली. खोलग्यात हात घालून पाहिला. "ही कुनाची वं?"

"माझ्या इहीनीची. जिती हाये. नातीला सांभाळती."

सासूनं आपली गोधडी त्या बाजेवर पसरली. डॉक्टर हात धुवायला पळाला. झुंबरबाईनं त्या पोरीला पाठीखाली हात घालून उचललं आणि खोलग्यात ठेवलं. ती त्यात नीट बसली.

दुपार कलताना दुसरी गाडी आली. वाटूरकडची माणसं होती. तीही बाळंतीण, तिलाही ताप. तिचा बाप दारात उभा राहून आतल्या बाजा बघत होता. झुंबरबाईनं त्याला सगळं सांगितलं, आडवी होऊन दाखवलं, हातापाया पडली. त्यानं ऐकून घेतलं. मग त्या एका बाजेकडं बोट दाखवून विचारलं, "तसली दुसरी न्हाई का?"

"न्हाई, दादा."

त्यानं बैलांचे कासरे उचलले आणि गाडी वळवली.